सोनं मोडताना

२०२५च्या सप्टेंबरमध्ये कैरोच्या तहरीर चौकातल्या इजिप्शियन म्युझियममधून एक कडं नाहीसं झालं. सोन्याचं कडं, त्यात लाजवर्दाचा एक गोल निळा मणी. आमेनेमोपे नावाच्या राजाचं, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं. रोममधल्या एका प्रदर्शनासाठी वस्तू पाठवायची तयारी चालली होती, तेव्हा ते जागेवर नाही हे लक्षात आलं. लगेच विमानतळ, बंदरं, सीमेवरची नाकी, सगळीकडे त्याचा फोटो गेला. बातमी वाचून मला वाटलं, आता हे कुणा अब्जाधीशाच्या तळघरात जाऊन बसणार. सिनेमांमधून आपल्याला एवढंच शिकवलेलं असतं.

काही दिवसांनी इजिप्तच्या गृहमंत्रालयानं खुलासा केला. त्यानुसार, म्युझियममध्येच वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या एका बाईनं ते तिजोरीतून काढलं आणि ओळखीच्या चांदीच्या व्यापाऱ्याला दिलं. त्यानं ते एका सोनाराला सुमारे १,८०,००० इजिप्शियन पौंडांना विकलं. आपल्या हिशेबात सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास. सोनारानं ते ओतारी कामगाराला १,९४,००० पौंडांना दिलं आणि त्यानं ते बाकीच्या सोन्याबरोबर मुशीत टाकून वितळवलं. अब्जाधीश नाही, तळघर नाही. त्या दिवशीचा भाव आणि वजन, बस्स.

बहुतेकांना या बातमीचा धक्का बसला तो रकमेमुळे. इतक्या कमी पैशांत? मला बसलेला धक्का वेगळा होता. ही गोष्ट मला ओळखीची वाटली.

आमच्याकडे सोनं विकत नाहीत, मोडतात. मी बारावी झाले त्या वर्षी माझ्या कॉलेजच्या फीसाठी आजीचा कोल्हापुरी साज मोडला. आईबरोबर मीही पेढीवर गेले होते. साजाची पानं आतून पोकळ असतात आणि आकार टिकावा म्हणून त्यांत लाख भरलेली असते. सराफानं साज हातात घेतला, उलटा केला, लाख किती निघेल त्याचा अंदाज सांगितला आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. लाख वजा, घट वजा. आईनं घडणावळीचं विचारलं, तर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, घडणावळ नव्या दागिन्याला लागते. मोडताना ती कुणीच देत नाही." तो खोटं बोलत नव्हता. जगभर हाच हिशेब आहे. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा जराही वाईट वाटलं नाही. फी भरली जाणार होती, मी खूश होते.

प्राचीन इजिप्तच्या दागिन्यांविषयी लिहायला बसले तेव्हा ती घडणावळ आठवत राहिली. मोडताना वजनाचे पैसे येतात आणि घडणावळ जाते. पण ती जाते म्हणजे नेमकं काय जातं? कारागिराची मजुरी एवढंच? कैरोच्या मुशीत काय गेलं हे कळायचं असेल, तर न वितळलेला एखादा दागिना घेऊन तो नीट वाचावा लागेल. वाचावा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाहीये.

*

फोन काढा आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साइटवर सित-हाथोर-युनेत या राजकन्येचं पदक शोधा. फोटो सगळ्यांसाठी खुला आहे. हे पदक ८.२ सेंटीमीटर रुंद आणि ४.५ सेंटीमीटर उंच आहे. फोन आडवा धरलात तर पदक खऱ्या मापात पडद्याच्या निम्म्याहून थोडं जास्त भरेल, इतकं लहान. त्यात ३७२ खडे आहेत. एकेक खडा त्याच्या जागेसाठी कापलेला. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याच्याच बारीक पट्ट्या उभ्या जोडून कप्पे केले आहेत आणि प्रत्येक कप्प्यात त्याच आकाराचा खडा बसवला आहे. आपल्याकडे खड्याच्या मापानं कोंदण करतात. इथे कोंदण आधी आणि खडा नंतर.

आता बोटांनी फोटो मोठा करा. डावीकडे आणि उजवीकडे समोरासमोर उभे दोन ससाणे दिसतील. हे सूर्याचे पक्षी. त्यांच्या डोक्यावर सूर्याच्या चकत्या, चकत्यांना वेढून बसलेले नाग, आणि नागांच्या गळ्यात अडकवलेलं अंख, म्हणजे वर फास असलेली क्रुसासारखी खूण. अंख म्हणजे आयुष्य. ससाण्यांच्या पायाशी गोल कडं आहे, त्याचा अर्थ सूर्य ज्याला वळसा घालतो ते सगळं. मधोमध एक लहानसा माणूस गुडघे टेकून बसलाय. तो हेह नावाचा देव, पण चित्रलिपीत हीच आकृती दहा लाख या संख्येची खूणही आहे. त्याच्या हातात खाचा पाडलेल्या ताडाच्या दांड्या आहेत, म्हणजे वर्षं. आणि त्याच्या दंडाला काहीतरी लोंबतंय. ते बेडकाचं शेपटीवालं पिल्लू आहे, पावसाळ्यात डबक्यात वळवळतं ते. नाईलचा पूर ओसरला की चिखलात त्यांचा सुकाळ व्हायचा, म्हणून बेडकाचं पिल्लू म्हणजे एक लाख.

वर मध्यभागी लांबट गोल चौकट आहे. अशा चौकटीत राजाचं नाव लिहीत. आत सूर्य, शेणकिडा आणि उगवतीची टेकडी. खाखेपेर्रे. हे दुसऱ्या सेनुस्रेतचं राज्यावर बसताना घेतलेलं नाव, आणि तो या राजकन्येचा बाप. साधारण इसवी सन पूर्व १९व्या शतकातला.

आता सगळं जोडून वाचा. उगवता सूर्यदेव खाखेपेर्रे राजाला आयुष्य देवो आणि सूर्य जेवढ्या भूमीला फेरी घालतो त्या सगळ्या भूमीवर अकरा लाख वर्षं सत्ता देवो. आठ सेंटीमीटरात कर्ता, कर्म, क्रियापद आणि संख्या. हे सूर्य, ससाणे आणि नागांचं नक्षीकाम नाही, हे वाक्य आहे. ज्यांना ते वाचता येत होतं त्यांच्यासाठी तरी यातलं एकही अक्षर शोभेपुरतं नव्हतं.

माझ्या दृष्टीनं या पदकाचं मोठेपण मात्र त्याच्या अर्थात नाही. असला आशीर्वाद इजिप्तच्या भिंतींवर शेकड्यांनी कोरलेला आहे. मोठेपण आहे ते एवढा मजकूर इतक्या लहान जागेत कोंबूनही गर्दी न होण्यात. आकृत्यांच्या मधल्या जागा आरपार मोकळ्या आहेत, त्यातून घालणारीचं कापड दिसलं असतं. ससाण्याची शेपटी, नागाचा वळसा, बसलेल्या देवाचे उचललेले हात, प्रत्येक आकार शेजारच्याला टेकलेला आहे आणि त्या टेकण्यामुळेच पदक मोडत नाही. म्हणजे वाक्यरचना आणि दागिन्याची मजबुती एकच आहे. आणि पदक उलटं केलं तर मागच्या सपाट सोन्यावर हेच चित्र पुन्हा कोरलेलं आहे, पिसांच्या रेघांसकट. ती बाजू छातीला टेकणार, कुणाला दिसणार नाही. तरी कोरली.

*

खड्यांकडे येऊ, कारण इथे आपली नजर हमखास फसते. लाल आहे तो कार्नेलियन, गडद निळा लाजवर्द, आकाशी हिरवट फिरोजा, आणि ससाण्यांचे डोळे तामड्याचे. यात हिरा नाही, माणिक नाही, नीलम नाही. प्राचीन इजिप्तच्या दागिन्यांत ते नाहीतच. पाचूही आला तो फार उशिरा, टॉलेमी राजांच्या काळात. आजच्या पेढीवर हे सगळे खडे उपरत्नांच्या डबीत पडतील. "सोन्यानं आणि मौल्यवान रत्नांनी मढवलेला इजिप्तचा खजिना" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय, आणि त्यातला मौल्यवान हा शब्द आपल्या दुकानातला आहे, त्यांचा नाही.

मग त्यांनी हे खडे का निवडले? मुख्यतः रंगासाठी. फिरोजा सिनाईच्या खाणींतून यायचा. तिथल्या सेराबित-अल-खादिमला हाथोर देवीचं देऊळ होतं आणि तिला फिरोज्याची स्वामिनी म्हणत. हिरवा रंग म्हणजे कोवळं, वाढतं, पुन्हा उगवणारं. लाल म्हणजे रक्त, सूर्याची धग. मृतांच्या पुस्तकात इसिसची गाठ नावाच्या ताईताचा मंत्र आहे, त्यात ती गाठ लाल जॅस्परचीच असावी असं सांगितलंय. आणि सूर्यदेव रा म्हातारा झाल्याची एक कथा आहे, तिच्यात त्याच्या शरीराचं वर्णन येतं: हाडं चांदीची, मांस सोन्याचं, केस अस्सल लाजवर्दाचे. हे वाचलं की सोन्याच्या मुखवट्याला निळ्या भुवया का असतात ते उलगडतं. ते श्रीमंतीचं प्रदर्शन नाही, देवाचं वर्णन आहे.

इथून पुढे एक गोड निष्कर्ष काढायचा मोह होतो, आणि बरेच लेखक काढतातही: पाहा, त्यांना किंमतीचं काहीच नव्हतं, फक्त रंग आणि अर्थ महत्त्वाचा! पुरावा म्हणून तुतनखामुनच्या मुखवट्याकडे बोट दाखवता येतं. दहा किलोंहून जास्त सोन्याचा हा मुखवटा. त्याच्या डोळ्यांभोवती आणि भुवयांत खरा लाजवर्द आहे, पण डोक्यावरच्या वस्त्राचे जे निळे पट्टे आपण हजार पोस्टरवर पाहिलेत, ते निळ्या काचेचे आहेत. राजाच्या मुखवट्यावर काच!

पण हा निष्कर्ष टिकत नाही. इजिप्शियन भाषेत लाजवर्दाला खेस्बेज म्हणत, आणि मजकुरांमध्ये खरा खेस्बेज आणि केलेला खेस्बेज असा फरक स्पष्ट केलेला आढळतो. म्हणजे अस्सल काय, बनवलेलं काय हे त्यांना चांगलं कळत होतं. खरा लाजवर्द आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून हजारो किलोमीटर प्रवास करून यायचा, त्याची महती ते जाणून होते. काचही स्वस्त नव्हती. तुतनखामुनच्या आधी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिची कला इजिप्तमध्ये नवी होती आणि राजवाड्याभोवती फिरत होती. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे बुडालेलं एक जहाज सापडलं, इसवी सन पूर्व १३००च्या आसपासचं. त्यात तांब्याच्या लाद्यांबरोबर रंगीत काचेचे गोळेही माल म्हणून भरलेले होते. काच हा तेव्हा दूरच्या बंदरांत खपणारा माल होता.

तेव्हा खरं काय ते जास्त गुंतागुंतीचं आहे. त्यांना किंमत कळत होती, आणि तरी किंमत हा शेवटचा शब्द नव्हता. खरा खडा डोळ्यांना, बनवलेला खडा पट्ट्यांना, आणि दोन्ही मिळून निळ्या केसांचा देव. आपल्याकडे एखादी वस्तू नकली निघाली की तिचा अर्थच संपतो. त्यांच्याकडे बनवलेला खडाही वाक्यातलं आपलं काम करत राहायचा.

याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण तुतनखामुनच्याच एका पदकात आहे. मधोमध पिवळसर हिरव्या, अर्धपारदर्शक खड्याचा शेणकिडा. हॉवर्ड कार्टरनं त्याची नोंद कॅल्सेडनी अशी केली. १९९०च्या दशकात तपासणी झाली तेव्हा कळलं की तो खडा नाही, काच आहे. पण माणसानं केलेली नाही. लिबियाच्या सीमेजवळच्या वाळवंटात सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वी वाळू वितळून झालेली नैसर्गिक काच. कुठल्यातरी कारागिरानं वाळवंटातून आलेला तो पिवळा तुकडा हातात धरला आणि त्याला त्यात उगवता सूर्य ढकलणारा किडा दिसला. हे पाहणं कुठल्या तराजूत बसतं?

आता तक्रार. हे पदक मला सित-हाथोर-युनेतच्या पदकाइतकं आवडत नाही. त्यात सगळंच आहे: डोळा, चंद्र, नाव, पंख, नाग, कमळं, लोंबते गोंडे. प्रत्येक भाग सुंदर आणि एकूण मात्र लग्नाच्या स्टेजसारखं. १ नोव्हेंबर २०२५ला गिझाजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम रीतसर उघडलं आणि तुतनखामुनच्या कबरीतल्या पाच हजारांहून जास्त वस्तू पहिल्यांदा एकत्र मांडल्या गेल्या. उद्घाटनाच्या बातम्यांत सोनं हा शब्द किती वेळा आला ते मोजायचं मी सोडून दिलं. आतली शवपेटी ११० किलो शुद्ध सोन्याची, हे प्रत्येक निवेदकानं सांगितलं. ११० किलो! पुन्हा वजनच. ओतारी कामगार आणि निवेदक, दोघांच्या हातात तराजू एकाच बनावटीचा.

*

सित-हाथोर-युनेतकडे परत जाते, कारण तिच्या पदकात मला एक गोष्ट खुपते. त्या सुंदर वाक्यात ती स्वतः कुठे आहे? नाव बापाचं, आयुष्य बापाला, सत्ता बापाची. तिच्या छातीवर रुळणारं वाक्य तिच्याविषयी नाहीच. राजघराण्यातल्या बायकांनी राजाचं सामर्थ्य अंगावर बाळगायचं, त्याला देवाधर्माचा आधार होता, हे अभ्यासक समजावून सांगतात. समजलं. तरी खुपतंच. गळ्यात कुणाच्या तरी दीर्घायुष्याची खूण घालून वावरणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्यात, त्यामुळे हे खुपणं चार हजार वर्षांनी कमी होत नाही.

पण तिच्याच पेटीत एक कमरपट्टा होता. सोन्याच्या मोठ्या कवड्यांचा. कवड्या पोकळ आहेत आणि आत धातूचे बारीक गोळे सोडलेले आहेत. ती चालली की पट्टा हलका किणकिणत असणार. एक कवडी उभी दोन भागांत कापून तिचीच फाशी केली आहे. एक भाग दुसऱ्यात सरकवला की पट्टा बंद आणि कवडी अखंड. या पट्ट्यावर कुणाचंही नाव नाही. पदक तिच्या बापाविषयी बोलतं, पट्टा फक्त ती चालते तेव्हा बोलतो. म्युझियमच्या काचेमागे तो गप्प आहे, आणि ही त्या प्रदर्शनातली सगळ्यात मोठी उणीव आहे, कुणाचाही दोष नसलेली.

हे सगळं वाचलं कसं, तेही सांगायला हवं. फैयुमजवळ लाहून इथे दुसऱ्या सेनुस्रेतचा पिरॅमिड आहे, त्याच्या शेजारी राजकन्येची कबर. चोरांनी ती पुरातन काळातच साफ केली होती. पण एका बाजूच्या कोनाड्यात पुराच्या पाण्यानं गाळ भरला होता आणि त्या गाळात दागिन्यांच्या पेट्या होत्या. लाकूड कुजून गेलं, सोनं आणि हजारो मणी गाळात तसेच राहिले. १९१४ साली फ्लिंडर्स पेट्रीच्या तुकडीतल्या गाय ब्रंटननं तो गाळ अनेक दिवस बसून थोडाथोडा काढला. कुठला मणी कुठल्या मण्याशेजारी होता याच्या नोंदी ठेवल्या, म्हणून माळा परत ओवता आल्या. मुकुट आणि आरसा कैरोत राहिले, बाकीचं बरंच न्यूयॉर्कला गेलं. ती वाटणी न्याय्य होती का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण घडणावळ वाचली ती चिखलामुळे, आणि नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या चिकाटीमुळे.

*

चोरांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यांच्यापैकी एकाचं नाव आपल्याला माहीत आहे. आमेनपानुफेर, दगड फोडणारा. नवव्या रामसेसच्या कारकिर्दीच्या १६व्या वर्षी त्यानं दिलेला कबुलीजबाब एका पपायरसवर टिकला आहे. त्याचा अर्धा तुकडा ब्रसेल्सला आहे आणि अर्धा न्यूयॉर्कला. तो आणि त्याचे साथीदार सोबेकेमसाफ राजाच्या कबरीत तांब्याच्या हत्यारांनी बोगदा पाडून शिरले. राजाच्या गळ्यातले ताईत, दागिने, सोन्याचा मुखवटा, सगळं काढलं. राणीचंही. मग शवपेट्यांना आग लावली, म्हणजे वरचं सोनं खरवडत बसायला नको. एकूण १६० देबेन सोनं निघालं. एक देबेन साधारण ९१ ग्रॅमचा, म्हणजे साडेचौदा किलो. माणसं आठ, प्रत्येकी २० देबेन. पुढे तो पकडला गेला, आपला वाटा कारकुनाला लाच देऊन सुटला, आणि साथीदारांनी आपापल्यातून त्याला पुन्हा वाटा काढून दिला.

जबानीत हिशेब चोख आहे. कुठल्या ताईतावर काय कोरलं होतं याचा मात्र एक शब्द नाही.

म्हणजे तराजू हा काही आपल्या युगानं आणलेला नाही. सक्कारामधल्या मेरेरुकाच्या कबरीत, चोरांच्याही हजारेक वर्षं आधीच्या भिंतीवर, सोनारांचा कारखाना कोरला आहे. त्यात बुटके कारागीर गळ्यातले रुंद हार जोडताहेत. आणि त्याच भिंतीवर सोनं तोललं जातंय, कारकून वजन लिहून घेतोय. राजाच्या कारखान्यात सोनं आत जाताना तोलतच असणार, नाहीतर चोरीला गेलं असतं. कारागिरांविषयी तरी आदर होता का? धंद्यांची खिल्ली उडवणारा एक जुना इजिप्शियन मजकूर शाळकरी मुलांकडून गिरवून घेत. त्यात खडे घडवणारा संध्याकाळपर्यंत गुडघे आणि पाठ वाकवून बसतो आणि काम संपेपर्यंत त्याच्यात त्राण उरत नाही. मुला, कारकून हो, हे त्याचं तात्पर्य. ३७२ खडे कुणी कापले त्याचं नाव कुठेच नाही. तराजू धरणाऱ्याची नोंद झाली, पाठ वाकवणाऱ्याची नाही.

त्यामुळे त्या ओतारी कामगारावर मी फार चिडू शकत नाही. त्यानं जे केलं ते सोन्याच्या धंद्यात रोज होतं. तीन हजार वर्षांपूर्वी आठ माणसांनी केलं, माझ्या फीच्या वेळी आमच्या घरानं केलं. साज आमचा होता आणि कडं चोरीचं, हा फरक मोठा आहे, मान्य. पण मुशीला तो कळत नाही.

*

बर्लिनच्या म्युझियममध्ये वेस्टकार नावाचा एक पपायरस आहे, त्यात राजा स्नेफ्रूची गोष्ट आहे. राजाला कंटाळा आलेला असतो. त्याचा जादूगार सुचवतो, तळ्यावर जा, वीस सुंदर मुलींना होडी वल्हवायला लाव. होडी निघते. मध्येच एका बाजूचं वल्हवणं थांबतं. त्या बाजूच्या पुढारी मुलीचा फिरोज्याचा मासा पाण्यात पडलेला असतो. वेणीच्या टोकाला असले माशाचे लटकन घालत. हरागेहला सापडलेला असा एक सोन्याचा मासा स्कॉटलंडच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे, खवल्यांसकट. राजा मुलीला म्हणतो, तू वल्हव, मी तुला दुसरा देतो. ती नाही म्हणते. तिला तसला दुसरा नको असतो, स्वतःचाच हवा असतो. शेवटी जादूगाराला बोलावतात. तो तळ्याचं अर्धं पाणी उचलून उरलेल्या अर्ध्यावर रचतो, तळाशी पडलेला मासा काढून मुलीला देतो, आणि पाणी परत जागेवर ठेवतो.

राजाची ऑफर व्यवहाराला धरूनच होती. फिरोज्याच्या बदल्यात फिरोजा, वजनाला वजन. आणि एक वल्हवणारी मुलगी, जिला गोष्टीत नावही नाही, राजाला तोंडावर सांगते की हा हिशेब मला मान्य नाही. दागिन्यांवरच्या टीकेचं काम एवढंच आहे असं मला वाटतं: तसला दुसरा आणि हाच, यातला फरक कशात आहे ते सांगत राहणं. ते सांगता आलं नाही तर मग उरतो फक्त भाव.

हे लिहिताना मी आईला फोन केला. म्हटलं, साजाची पानं सांग. कोल्हापुरी साजात एकवीस पानं असतात, दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, लाल-हिरव्या खड्यांची दोन आणि एक ताईत. हे मला आता वाचून माहीत आहे. आजीच्या गळ्यात तो असताना मी कधी विचारलं नव्हतं. आई आठवून सांगायला लागली: चंद्र, शंख, बेलपान, नाग, कासव, भुंगा. तेरापर्यंत गेली आणि अडकली. घरातल्या एकुलत्या एका फोटोत आजीनं पदर घट्ट लपेटून घेतलाय, त्याखालून चारच पानं दिसतात.

"मासा होता," आई म्हणाली. "तो मला पक्का आठवतो. एका बाजूनं चेपलेला होता. लहानपणी मांडीवर बसून मी तोच चावायचे."

आम्ही तेरा पानं एका कागदावर लिहून ठेवली आहेत. चौदावी जागा मोकळी आहे.